राजपट्ट कोणी बांधला? रोम आणि पार्थिया यांच्यामधील आर्मेनियाच्या राजांचा इतिहास कसा वाचावा

रोम आणि पार्थिया (आजच्या इराणच्या भूमीवरचे साम्राज्य) यांच्या कात्रीत सापडलेल्या आर्मेनियाच्या राजांचा इतिहास वाचायला बसलेला माणूस बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावर पुस्तक मिटतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. एक तिग्रान जातो, दुसरा येतो; एका आर्तावाझ्दला रोमन सेनापती साखळदंडांत जखडून नेतो, तर दुसऱ्याला रोमनच गादीवर बसवतात; कोणी जेमतेम दोन वर्षे टिकतो, कोणी पळून जाऊन परत येतो. ही नामावळी पाठ करण्यात काही हशील नाही. तिच्यामागचा क्रम दिसावा यासाठी मला उपयोगी पडलेली रीत साधी आहे: राजाच्या पराक्रमापेक्षा त्याच्या डोक्यावरच्या पट्टीकडे पाहायचे आणि ती कोणी बांधली, कोणासमोर बांधली व कोणाच्या संमतीने बांधली, हे प्रत्येक वेळी विचारायचे.

पट्टी हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. ग्रीक परंपरेतला ‘डायडेम’ म्हणजे रत्नजडित मुकुट नव्हे, तर कपाळाभोवती बांधून मागे गाठ मारायची कापडी पट्टी. आपल्याकडच्या जुन्या राजवटींतील ‘पट्टबंध’ हा शब्द त्या विधीला चपखल बसतो, म्हणून पुढे मी तिला राजपट्टच म्हणणार आहे. आर्मेनियाचे राजे हा पट्ट एका उंच, वर कंगोरे असलेल्या टोपीवर बांधत. दुसऱ्या तिग्रानच्या चांदीच्या नाण्यांवर ती टोपी, तिच्यावरचे दोन गरुड आणि त्यांच्यामधला तारा स्पष्ट दिसतो. पार्थियाच्या दरबारात तर राजाला पट्ट बांधण्याचा मान सुरेन घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला होता. म्हणजे ‘पट्ट कोणी बांधला’ हा प्रश्न आपण आज त्या काळावर लादतो आहोत असे नाही. त्या काळातल्या माणसांना तो आपल्यापेक्षा चांगला कळत होता.

आधी जमीन पाहा

वाचनाला सुरुवात करण्यापूर्वी एक कोरा नकाशा घ्यावा आणि त्यावर स्वतःच्या हाताने चार दिशा भराव्यात. पश्चिमेला युफ्रेटिसपलीकडे कॅप्पाडोशिया, दक्षिणेला सीरिया आणि मेसोपोटेमिया, आग्नेयेला मीडिया, उत्तरेला आयबेरिया म्हणजे आजच्या जॉर्जियाचा पूर्व भाग. मध्ये उंच पठार, आणि त्यावरून वाहणाऱ्या अराक्स नदीच्या काठी आर्ताशात ही राजधानी. ज्याच्या ताब्यात हे पठार त्याला खालच्या मैदानांत कोणत्याही बाजूने उतरता येते, आणि ज्याच्या ताब्यात ते नाही त्याची एक कूस कायम उघडी राहते, एवढे या नकाशावरून कळले तरी दोन्ही साम्राज्ये या डोंगराळ प्रदेशासाठी अडीचशे वर्षे का भांडत राहिली हे निम्मे उलगडते.

भूगोलाचे महत्त्व आर्मेनियाच्या राजांना पुरते ठाऊक होते. इ.स.पू. ५३ मध्ये रोमन सेनापती क्रॅसस पार्थियावर निघाला तेव्हा आर्तावाझ्द दुसरा ६,००० घोडेस्वार घेऊन त्याच्या छावणीत आला, आणखी १०,००० चिलखती स्वार व ३०,००० पायदळ देण्याची तयारी त्याने दाखवली आणि माझ्या राज्यातून या, डोंगरात पार्थियन घोडदळाचे काही चालत नाही, असा सल्ला दिला. क्रॅससने तो मानला नाही, मैदानातून वाट धरली आणि कार्हायजवळ त्याचे सैन्य कापले गेले. पण पठार हे रोमनांनाही सुखाचे नव्हते. त्यानंतर शतकभराने रोमन सेनापती कॉर्ब्युलोने तेथे तंबूंमध्ये हिवाळा काढला, तेव्हा लाकडाची मोळी वाहणाऱ्या एका सैनिकाचे हात गारठून मोळीला चिकटले आणि मोळीबरोबरच गळून पडले, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. ‘रोमने आर्मेनिया जिंकून प्रांत का केला नाही?’ असा प्रश्न पडला की या सैनिकाची आठवण ठेवावी; उत्तराचा बराच भाग त्यात आहे.

नकाशावर आणखी एक रेघ मारून ठेवावी लागते. युफ्रेटिसच्या पश्चिमेकडचा ‘लघू आर्मेनिया’ हा वेगळा प्रदेश असून त्याचे राजेही वेगळे होते. इ.स. ५४ मध्ये रोमन सम्राट नीरोने तो हेरोदच्या घराण्यातील आरिस्टोब्युलसला दिला, आणि हा आरिस्टोब्युलस आर्ताशातच्या गादीवर बसला असे समजून चाललेला वाचक पुढची दहा वर्षे चुकीच्या माणसाचा माग काढत राहतो.

नावांचा गुंता सोडवून घ्या

या राजांची नावे आपल्यापर्यंत ग्रीक आणि लॅटिन लेखकांच्या हातून आली, त्यामुळे एकाच माणसाची दोन-तीन रूपे सापडतात. आर्मेनियन आर्ताशेस लॅटिनमध्ये आर्टॅक्सियस होतो, आर्तावाझ्दचा आर्टॅवॅस्डीज, त्रदातचा टिरिडेटीस, तिग्रानचा टिग्रेनीस. कोणतेही एक रूप निवडावे आणि शेवटपर्यंत तेच लिहावे. क्रमांकांवर मात्र विसंबू नये, कारण वेगवेगळे अभ्यासक एकाच राजाला वेगवेगळा क्रमांक देतात. मी स्वतः एकदा चौथ्या आणि सहाव्या तिग्रानची टिपणे एकाच पानावर लिहिली होती आणि एक माणूस साठ वर्षे राज्य करतो कसा याचे मला दोन दिवस कोडे पडले होते. तेव्हापासून मी नावापुढे क्रमांकाऐवजी पट्टबंधाचे वर्ष लिहितो: तिग्रान इ.स.पू. ९५, तिग्रान इ.स.पू. २०, तिग्रान इ.स. ६०. गोंधळ आपोआप मिटतो.

‘मांडलिक’ हा शब्दही जपून वापरावा. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे त्या शब्दाबरोबर तैनाती फौज, दरबारातला रेसिडेंट आणि ठरलेला खंडणीचा हप्ता असे चित्र उभे राहते. आर्ताशातमध्ये रोमचा कायमचा रेसिडेंट नव्हता. कधीमधी रोमन शिबंदी असे, पण तिचा भरवसा काय होता हे इ.स. ५१ च्या एका प्रसंगावरून दिसते. आयबेरियाच्या राजाचा मुलगा रादामिस्त याने आपला चुलता, सासरा आणि मेहुणाही असलेल्या मित्रदात राजाला गोर्नेई, म्हणजे आजच्या गार्नीच्या किल्ल्यात कोंडले. किल्ल्यात रोमन शिबंदी होती. तिच्या अधिकाऱ्याने लाच खाल्ली आणि राजाला तहासाठी बाहेर पडायला भाग पाडले. तलवारीने किंवा विषाने इजा करणार नाही, अशी शपथ रादामिस्तने घेतलेली होती. त्याने ती पाळली, आणि मित्रदातला जाडजूड कपड्यांच्या ढिगाखाली गुदमरवून मारले.

प्रत्येक राजासाठी एक पान

यानंतर वही घ्यावी आणि प्रत्येक राजाला एक पान द्यावे. पानावर वंश, तो वाढला कुठे, पट्ट कोणी व कुठे बांधला, देशातल्या सरदारांनी त्याला मानले का, त्या वेळी रोममध्ये व पार्थियात कोण गादीवर होते आणि शेवट कसा झाला, एवढ्या नोंदी कराव्यात. यांतील प्रत्येक नोंद सारख्या वजनाची नाही. शेवट कसा झाला हे एका ओळीत भागते. वंशाच्या रकान्यावर थोडे थांबावे लागते, कारण तेथे दावा आणि वस्तुस्थिती यांत अंतर असते. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोच्या मते पहिला आर्ताशेस हा सेल्युकिड राजा तिसऱ्या अँटायोकसचा सेनापती होता आणि इ.स.पू. १९० मध्ये मॅग्नेशियाच्या लढाईत रोमनांनी अँटायोकसला हरवल्यावर तो स्वतंत्र राजा झाला. पण सेवान सरोवराच्या परिसरात सापडलेल्या अरमाइक लिपीतील सीमादर्शक दगडांवर तोच आर्ताशेस स्वतःला जुन्या येर्वांद राजवंशाचा म्हणवतो. सेनापतीपदावरून राजा झालेल्या माणसाला शेताच्या बांधावरच्या दगडावरही कूळ कोरावेसे वाटले, यातच कुळाची किंमत आली.

पण माझ्या मते या पानावरची सर्वांत बोलकी नोंद ‘वाढला कुठे’ ही आहे, आणि बहुतेक वाचक नेमकी तीच गाळतात. दोन राजे शेजारी ठेवून पाहू. वोनोनेस हा अर्साकिड, म्हणजे पार्थियाच्या राजवंशातला. पण त्याचे तरुणपण रोममध्ये ओलीस म्हणून गेले होते. तो पार्थियाचा राजा झाला तेव्हा लोकांना त्याचे सगळेच खटकू लागले: तो शिकारीला क्वचित जाई, घोड्यांत त्याला रस नव्हता, शहरातून पालखीत बसून फिरे आणि पूर्वजांच्या पंक्तींना नाके मुरडी. पार्थियातून हुसकावला गेल्यावर इ.स. १२ च्या सुमारास आर्मेनियाची गादी त्याला मिळाली, पण तेथेही तो टिकला नाही. रोमन अधिकाऱ्यांनी त्याला सीरियात नेऊन नजरकैदेत ठेवले. त्याच्यानंतर इ.स. १८ मध्ये रोमन राजपुत्र जर्मानिकसने आर्ताशातला येऊन ज्याच्या डोक्याला पट्ट बांधला तो झेनो हा पाँटसचा राजा पोलेमो याचा मुलगा, म्हणजे आर्मेनियाच्या दृष्टीने पूर्ण परका. मात्र तो लहानपणापासून आर्मेनियन रीतीने राहत आला होता. शिकार, मेजवान्या, पेहराव, सगळे तिकडचे. लोकांनी त्याला आर्ताशेस हे नाव दिले आणि त्याने सोळा-सतरा वर्षे निर्वेध राज्य केले. रक्ताने जवळचा असलेला वोनोनेस परका ठरला आणि परक्या रक्ताचा झेनो घरचा झाला. ज्याला वंशावळीवरूनच सगळे समजून घ्यायचे आहे त्याने ही दोन पाने पुन्हा पुन्हा वाचावीत.

या दोन पानांवरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते, ती म्हणजे डावात खेळाडू दोन नव्हे, तीन आहेत. आर्मेनियाचे मोठे सरदार, ज्यांच्या घराण्यांकडे स्वतःची खोरी, किल्ले आणि घोडदळ होते, ते या कथेत पार्श्वभूमीवर उभे असलेले दिसतात. पण पट्ट कोणाच्या डोक्यावर राहणार हे बऱ्याचदा त्यांनीच ठरवले. इ.स.पू. ३४ मध्ये रोमन सेनापती अँटनीने आर्तावाझ्दला बोलावून दग्याने पकडले. राजाला लोखंडी बेड्या शोभत नाहीत म्हणून चांदीच्या घातल्या, अलेक्झांड्रियात मिरवताना सोन्याच्या. आणि तेथे क्लिओपात्रापुढे लवून मुजरा करण्यास राजाने व त्याच्या कुटुंबाने नकार दिला. ही हकिकत सगळे सांगतात. पण त्याच वेळी आर्मेनियात शस्त्र धरू शकणाऱ्यांनी त्याचा थोरला मुलगा आर्ताशेस याला राजा केले होते, हे वाक्य इतिहासकार कॅशियस डिओने सहज लिहून टाकले आहे आणि ते पानावर ठळक लिहून ठेवण्याजोगे आहे. पुढे इ.स.पू. २० मध्ये याच आर्ताशेसला त्याच्या नातलगांनी मारले आणि रोममध्ये असलेल्या त्याच्या भावाला, तिग्रानला, राजा म्हणून मागवून घेतले. त्या तिग्रानला पट्ट बांधला तो पुढे सम्राट झालेल्या तायबेरियसने. पण त्याला बोलावले होते घरच्यांनी.

सांगणारा कोण, हे विसरू नका

आर्मेनियन लिपी मेस्रोप माश्तोत्सने इ.स. ४०५ च्या सुमारास सिद्ध केली. त्यामुळे आपण ज्या काळाबद्दल बोलत आहोत त्या काळातील आर्मेनियन भाषेतील इतिहासग्रंथ असण्याचा प्रश्नच येत नाही. नंतरच्या मोव्हसेस खोरेनात्सीसारख्या लेखकांनी जे लिहिले त्यात परंपरा, गाणी आणि इतिहास एकमेकांत मिसळलेले आहेत. पार्थियनांनीही आपली बाजू ग्रंथरूपाने आपल्यासाठी ठेवलेली नाही. उरतात ते रोमन साम्राज्यातले ग्रीक आणि लॅटिन लेखक, आणि त्यांच्या लेखी आर्मेनियन माणूस म्हणजे जात्याच भरवसा नसलेला. टॅसिटस या लोकांना स्वभावानेही आणि भूमीनेही दोन्हीकडे झुकणारे म्हणतो. रोमनांचा त्यांना द्वेष आणि पार्थियनांचा हेवा, असे त्याचे निदान आहे. वाचताना ‘विश्वासघात’, ‘चंचल’, ‘कृतघ्न’ अशी विशेषणे आली की त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी आणि तीच घटना आर्ताशातच्या महालातून कशी दिसत असेल ते पाहावे.

उदाहरणार्थ, क्रॅससला मदत देऊ करणारा आर्तावाझ्द त्याच वर्षाअखेर पार्थियाच्या राजपुत्राला आपली बहीण देतो. रोमन दृष्टीने हा दुटप्पीपणा. पण क्रॅससने सल्ला झिडकारल्यावर पार्थियाचा राजा ओरोदेस स्वतः सैन्यासह आर्मेनियात उतरला होता आणि रोमन सेना वाळवंटात अडकली होती. अशा वेळी सोयरीक जुळवून राज्य राखणे याला दुसरा कोणता शब्द वापरायचा? त्या विवाहसोहळ्यात युरिपिडीसचे ‘बाक्खाय’ हे नाटक चालू असताना क्रॅससचे मुंडके आणले गेले आणि नटाने ते हातात घेऊन पुढचे पद म्हटले, ही ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट सर्वश्रुत आहे. तिच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट तो ओझरती सांगतो, ती अशी की आर्तावाझ्द स्वतः ग्रीकमध्ये शोकांतिका, भाषणे आणि इतिहास लिहीत असे आणि त्यांतील काही लेखन प्लुटार्कच्या काळापर्यंत टिकून होते. त्याचे लेखन आज असते तर या लेखातला निम्मा सावधपणा गरजेचा राहिला नसता.

लेखकांना तोलण्यासाठी नाणी आणि शिलालेख समोर ठेवावेत, मात्र तेही भोळेपणाने वाचू नयेत. इ.स.पू. २० च्या घटनेनंतर निघालेल्या ऑगस्टसच्या नाण्यांवर ‘आर्मेनिया काबीज’ अशा अर्थाचा मजकूर आहे. त्याच ऑगस्टसने आपल्या कार्याचा जो वृत्तान्त कोरवला आणि ज्याची सर्वांत पूर्ण प्रत अंकाराच्या मंदिराच्या भिंतींवर आहे, त्यात तो म्हणतो की आर्ताशेस मारला गेल्यावर मी आर्मेनिया प्रांत करू शकलो असतो, पण पूर्वजांच्या रीतीला अनुसरून तो तिग्रानच्या स्वाधीन केला. नाण्यावर जिंकला, भिंतीवर दिला, आणि प्रत्यक्षात देशातल्या लोकांनी बोलावलेल्या राजपुत्राला पोहोचवून दिले. नाणे सैनिकाच्या आणि व्यापाऱ्याच्या हाती पडत होते, त्याला लांबलचक खुलासा परवडत नाही, हे लक्षात घेतले की विसंगती खुपत नाही.

पट्ट उतरवण्याचे तीन प्रसंग

वहीची दहा-बारा पाने भरली की मागे वळून तीन प्रसंग एकमेकांशेजारी ठेवावेत. तिन्हींत राजा स्वतःच्या हाताने राजपट्ट काढतो. पुढे काय होते ते मात्र वेगळे आहे.

त्याआधी रोम-पार्थिया संबंधांची पहिली भेट आठवावी. इ.स.पू. ९० च्या दशकात युफ्रेटिसच्या काठी रोमन सेनापती सुल्लाने तीन खुर्च्या मांडल्या, एक कॅप्पाडोशियाच्या राजासाठी, एक पार्थियाचा दूत ओरोबाझस याच्यासाठी, आणि मधली स्वतःसाठी. हा मान मुकाट्याने स्वीकारला म्हणून पार्थियाच्या राजाने नंतर त्या दूताचा वध केला. कोण कुठे बसतो, हा या काळात शिष्टाचाराचा मामला नव्हता.

पहिला प्रसंग इ.स.पू. ६६ चा. ज्याने पार्थियाला मागे रेटले, सीरिया घेतला आणि ‘राजाधिराज’ पदवी लावली, तो दुसरा तिग्रान आता म्हातारा झाला होता, इ.स.पू. ६९ मध्ये रोमन सेनापती ल्युकुलसने त्याला त्याने वसवलेल्या तिग्रानाकेर्त शहराजवळ हरवले होते आणि त्याचा स्वतःचा मुलगा पार्थियन सासऱ्याच्या मदतीने उलटला होता. तो रोमन सेनापती पाँपीच्या छावणीकडे घोड्यावरून आला. शिपायांनी सांगितले की छावणीत घोड्यावरून कोणी येत नाही. तो उतरला, तलवार दिली आणि पाँपीसमोर येताच डोक्यावरचे राजचिन्ह काढून पायांशी ठेवू लागला. पाँपीने त्याला उठवले, शेजारी बसवले आणि राज्य परत दिले. सीरिया वगैरे जिंकलेले प्रदेश गेले, ६,००० टॅलंट चांदी भरावी लागली, पण आर्मेनिया राहिला. मुलाच्या हाती मात्र शेवटी बेड्या आल्या. पट्ट खाली ठेवणे आणि तो परत मिळणे, हा नमुना येथे तयार झाला.

दुसरा प्रसंग सर्वांत सावकाश वाचावा, कारण त्यात दोन्ही साम्राज्यांची गरज एकाच विधीत बसवली गेली आहे. पार्थियाचा राजा वोलोगेसेस पहिला हा एका ग्रीक स्त्रीचा मुलगा होता आणि भावांनी हक्क सोडल्यामुळे त्याला गादी मिळाली होती. त्याची परतफेड म्हणून त्याने एका भावाला, पॅकोरसला, मीडिया दिला आणि दुसऱ्याला, त्रदातला, आर्मेनिया देण्याचे ठरवले. म्हणजे आर्मेनिया हा त्याच्या दृष्टीने घरातल्या वाटणीचा भाग होता. तो सोडला तर घर मोडणार. रोममध्ये नुकत्याच सत्तेवर आलेल्या तरुण नीरोला पूर्वेकडे नमते घेतल्याचा डाग नको होता. कॉर्ब्युलोने आर्ताशात घेऊन जाळले, तिग्रानाकेर्त घेतले, आणि इ.स. ६० मध्ये रोमने कॅप्पाडोशियाच्या राजघराण्याशी नाते असलेला तिग्रान गादीवर बसवला. त्याची ‘वाढला कुठे’ ही नोंद काढून पाहावी: रोममध्ये, ओलीस म्हणून. सरदारांचे त्याच्याविषयी एकमत झाले नाही, त्याच्या रक्षणाला १,००० लीजन-सैनिक (रोमच्या मुख्य फौजेचे शिपाई) आणि साहाय्यक पथके ठेवावी लागली, आणि त्याने शेजारच्या आदियाबेनीवर स्वारी करून पार्थियाला युद्धाचे निमित्त दिले. इ.स. ६२ मध्ये ऱ्हान्देया येथे पीटस या रोमन सेनापतीने घेरले गेल्यावर शरणागती पत्करली आणि जखमींना वाटेत टाकून एका दिवसात ४० मैल पळ काढला.

पुढच्या वर्षी तहासाठी भेटायचे ठरले तेव्हा जागा त्रदातने निवडली, आणि ती ऱ्हान्देयाचीच होती. कॉर्ब्युलोने जागेला हरकत घेतली नाही. त्याने पीटसच्याच मुलाला, जो त्याच्या सैन्यात ट्रिब्यून म्हणजे अधिकारी होता, पुढे पाठवून त्या पराभवात पडलेल्यांचे अवशेष मातीआड करायला लावले. दोघेही घोड्यांवरून उतरले, हातात हात घेतले. काही दिवसांनी एका बाजूला पार्थियन घोडदळ आणि दुसऱ्या बाजूला गरुडध्वजांसह रोमन लीजन अशा रांगा लागल्या; मध्ये चौथरा, चौथऱ्यावर अधिकाऱ्याचे आसन, आसनावर नीरोची प्रतिमा. त्रदात पुढे आला, पशुबळी झाल्यावर त्याने डोक्यावरचा पट्ट काढला आणि प्रतिमेच्या पायांशी ठेवला. तो पुन्हा बांधला जायचा होता रोममध्ये, नीरोच्या हातून.

वोलोगेसेसने दरम्यान ज्या अटी घातल्या त्या वाचल्याशिवाय पान पूर्ण होत नाही: भावावर गुलामीची कोणतीही खूण असू नये, त्याची तलवार काढून घेऊ नये, प्रांताधिकाऱ्यांनी त्याला आलिंगन द्यावे, कोणाच्या दारात त्याला तिष्ठत ठेवू नये. टॅसिटस यावर शेरा मारतो की या परदेशी गर्विष्ठांना कळत नाही, आम्हा रोमनांना सत्तेचे सार हवे असते, पोकळ दिखावा नव्हे. हा शेरा मला नेहमी उलटा वाटतो. सार म्हणजे आर्मेनियाचा राजा निवडण्याचा अधिकार, आणि तो पार्थियाच्या घराकडे गेला होता. रोमच्या वाट्याला सोहळा आला. त्रदात ३,००० पार्थियन स्वारांसह नऊ महिने खुष्कीच्या मार्गाने प्रवास करत गेला, शेजारी घोड्यावर पत्नी, तिच्या तोंडावर पडद्याऐवजी सोनेरी शिरस्त्राण. तो मगी म्हणजे अग्निपूजक परंपरेतला पुरोहितही होता आणि समुद्र विटाळणे त्या परंपरेत निषिद्ध मानले जाई. त्याच्या खर्चासाठी रोमने दररोज ८,००,००० सेस्टर्स मोजल्याचे रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो. इटलीत नीरोसमोर तो गुडघे टेकून बसला, पण कट्यार काढून ठेवली नाही. ती म्यानात खिळ्यांनी ठोकून पक्की केली. इ.स. ६६ मध्ये रोमच्या चौकात पट्ट बांधताना नीरोने सांगितले की जे तुला बापाने ठेवले नाही आणि भावांनी दिले नाही ते मी देतो. ऐकणाऱ्यांपैकी निदान त्रदातला तरी ठाऊक होते की भावानेच दिले आहे. जानसच्या मंदिराची दारे शांततेची खूण म्हणून बंद झाली, नाण्यांवर ती बंद दारे छापली गेली, आणि राजा पार्थियाने निवडायचा व पट्ट रोमने बांधायचा ही रीत पुढे पन्नास वर्षे बऱ्यापैकी चालली. दोघांनाही आपणच जिंकलो असे म्हणता येत होते, हेच तिच्या टिकण्याचे कारण. गार्नीला सापडलेल्या एका ग्रीक शिलालेखात हा त्रदात ‘हेलिओस’, म्हणजे सूर्य, आणि महा-आर्मेनियाचा राजा म्हणून मिरवतो. तेथे नीरोचा मांडलिक कुठे दिसत नाही.

तिसरा प्रसंग इ.स. ११४ चा. पार्थियाच्या ओस्रोएसने रोमला न विचारता आर्मेनियाचा राजा बदलून आपला पुतण्या पार्थामासिरिस याला बसवले होते. रोमन सम्राट ट्रेजन सैन्य घेऊन एलेगेइयापर्यंत आला. पार्थामासिरिसने त्रदातचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून छावणीत येऊन पट्ट काढला, ट्रेजनच्या पायांशी ठेवला आणि तो परत मिळेल म्हणून वाट पाहत उभा राहिला. सैनिकांनी विजयघोष केला. ट्रेजनने पट्ट उचलला नाही. आर्मेनिया रोमनांचा आहे, येथे रोमन अधिकारी राज्य करील, असे सांगून त्याला पार्थियन सोबत्यांसह परत पाठवले आणि आर्मेनियन सरदारांना मात्र तेथेच थांबवले, कारण ते आता आपले प्रजाजन होते. पार्थामासिरिस त्यानंतर लवकरच मारला गेला. प्रांत झाला खरा, पण इ.स. ११७ मध्ये ट्रेजन वारला आणि त्याच्यानंतरचा सम्राट हेड्रियनने पुन्हा राजाची रीत स्वीकारली. तीन वर्षांचा हा प्रांत पानावर एका ओळीत मांडावा, आणि त्याच्यापुढे मोळी वाहणाऱ्या सैनिकाची नोंद पुन्हा चिकटवावी.

सरावासाठी शेवटचे पान

ही रीत हाताला बसली की नाही हे पाहायचे असेल तर इ.स. १६१ ते १६४ हा तुकडा स्वतः भरून पाहावा. पार्थियाचा चौथा वोलोगेसेस याने पॅकोरसला आर्मेनियाच्या गादीवर बसवले. कॅप्पाडोशियाचा रोमन अधिकारी सेव्हेरियानस एका भोंदू भविष्यवेत्त्याच्या शब्दावर विसंबून पठारावर गेला आणि एलेगेइया येथेच सैन्यासह संपला. मग स्टेशियस प्रिस्कसने आर्ताशात घेतले, जवळच नवी राजधानी वसवली गेली, आणि रोमने सोहेमस नावाच्या माणसाला राजा केले. सोहेमसचे पान भरताना अडखळायला होते, कारण वंशाच्या रकान्यात ‘अर्साकिड’ लिहावे लागते आणि ‘वाढला कुठे’ या रकान्यात रोमन सिनेट. सम्राट लुसियस व्हेरसच्या नाण्यावर तो स्वतः उंच चौथऱ्यावर बसलेला आहे, खाली सोहेमस उभा आहे आणि भोवती ‘आर्मेनियनांना राजा दिला’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. ज्यांना तो दिला त्यांच्यापैकी एकही माणूस त्या नाण्यावर नाही. सरदारांच्या संमतीचा रकाना भरायचा तर नाण्याकडून मदत मिळणार नाही. पट्ट किती दिवस डोक्यावर राहिला, तो पुन्हा बांधायला रोमन सैन्य परत यावे लागले का, यावरूनच तो भरावा लागतो.

इ.स. २२४ नंतर ही वही चालत नाही. त्या वर्षी इराणच्या नव्या ससानी घराण्याच्या अर्दशीरने पार्थियाच्या शेवटच्या अर्साकिड राजाला ठार केले आणि आर्मेनियाचे अर्साकिड, जे आजवर इराणच्या सम्राटाचे भाऊबंद होते, ते एका रात्रीत त्याचे वैरी झाले. त्यांचे घराणे इ.स. ४२८ पर्यंत टिकले, पण त्या दोन शतकांसाठी नवे रकाने आखावे लागतात, आणि त्यांतला पहिला धर्माचा असतो.